यजमानानं जिंकावं का?

यजमान या शब्दाची आपल्याकडे मोठी गंमत आहे. मूळ अर्थ यज्ञ करवून घेणारा. पुढे तो घरी आलेल्याचं आगतस्वागत करणारा झाला. आणि आमच्या बेळगाव भागात जुन्या बायका नवऱ्यालाही ‘आमचे यजमान’ म्हणतात. म्हणजे चहापाणी, जेवणखाण, अंथरूण-पांघरूण सगळं बघायचं बाईनं आणि यजमान म्हणायचं कुणाला, तर बैठकीत पेपर वाचत बसलेल्याला! ते असो. मला विचारायचाय तो प्रश्न वेगळा आहे. आपण ज्याला घरी बोलावलं, त्यालाच हरवायचं असेल तर काय करायचं?

घरच्या पाहुण्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो अवचित येतो, आपण त्याला आपल्यातलं देतो, तो तृप्त होऊन जातो. पण खेळाच्या स्पर्धेचा पाहुणा तिथी ठरवून येतो. वेळापत्रक हातात घेऊन येतो. आपल्याकडेच राहतो, आपलंच जेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच मुलांना हरवायला मैदानात उतरतो. त्यानं तसं उतरलंच पाहिजे, नाहीतर तो आला कशाला? आणि आपल्या मुलांनीही त्याला हरवायचा जीव तोडून प्रयत्न केला पाहिजे. मग पाहुणचार कुठे संपतो आणि सामना कुठे सुरू होतो?

क्रिकेटच्या बाबतीत आपण हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे. पाहुणा संघ आला की खेळपट्टी आपल्या फिरकी गोलंदाजांना साथ देईल अशी करायची, त्यांच्या देशात गेलो की ते वेगवान गोलंदाजांना साथ देणारी करणार. त्याला ‘घरच्या मैदानाचा फायदा’ असं सभ्य नाव आहे. कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. मलाही इतकी वर्षं वाटलं नव्हतं. घरात टीव्हीवर सामना चालू असताना मीही पोळ्या लाटता लाटता ‘आता चेंडू वळायला लागला का?’ म्हणून विचारतेच.

या विचाराला फाटा फुटला तो एका अशा खेळामुळे, जो मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही आणि पाहीन असंही वाटत नाही. माझी भाची कॅनडात, नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्सला असते. एकदा फोनवर म्हणाली, “मावशी, मी इथे एका क्लबात जायला लागलेय. आम्ही बर्फावर झाडू मारतो.” मी म्हटलं, “त्यासाठी एवढ्या लांब जायची काय गरज होती गं? झाडू इथेही होता.” हसून हसून तिची पुरेवाट झाली. मग तिनं समजावून सांगितलं.

खेळाचं नाव कर्लिंग. मूळचा स्कॉटलंडचा, गोठलेल्या तळ्यांवरचा, काही शतकं जुना. आता बंदिस्त जागेत बर्फाची लांब पट्टी करतात, साधारण पंचेचाळीस मीटर लांब आणि जेमतेम पाच मीटर रुंद. तिच्या टोकाला एकात एक काढलेली वर्तुळं असतात, बाहेरचं वर्तुळ बारा फुटांचं. एका संघात चौघं. प्रत्येकानं दोन दगड सरकवायचे, दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड झाले की एक डाव संपतो. ज्याचा दगड वर्तुळाच्या मध्याच्या सर्वांत जवळ, त्याला गुण. दगड म्हणजे कसा, तर आपल्या जात्याची वरची तळी डोळ्यांपुढे आणा, खुंट्यासकट. वजन वीस किलोच्या आत, पण अगदी जवळ. चांगले दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्या बेटावरच्या ग्रॅनाइटचे. दगड सोडताना मुठीला किंचित पीळ दिला की तो जाता जाता वळतो. आणि त्याच्या पुढे दोघं जण ब्रशनं बर्फ घासत धावतात, म्हणजे दगड थोडा आणखी लांब जातो आणि कमी वळतो. हाच तो झाडू!

त्या वर्तुळाला ते लोक ‘घर’ म्हणतात. हे ऐकल्यावर मी भाचीला थांबवलं. म्हटलं, म्हणजे दोन्ही पक्ष एकाच घरात आपापले दगड नेऊन ठेवतात? ती म्हणाली, हो, आणि दुसऱ्याचा दगड घरातून बाहेर ढकलतात. म्हटलं, मग यात नवीन काय? आमच्या पिढीतल्या सगळ्या सुना हा खेळ खेळलेल्या आहेत.

पण थट्टा बाजूला. जे मला खरोखर नवीन वाटलं ते पुढेच होतं. या खेळात दगड खेळाडूचे नसतात. ते त्या जागेचे, म्हणजे यजमानाचे असतात. पाहुणा येतो तो ब्रश आणि बूट घेऊन. बाकी सगळं यजमानाचं. प्रत्येक दगडाचा स्वभाव थोडा वेगळा, म्हणून सामन्याआधी दोन्ही संघांना सराव करून दगड ओळखून घ्यायला वेळ दिलेला असतो. बर्फही नुसता गुळगुळीत नसतो. आधी तो अगदी एका पातळीत आणतात, मग त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते थेंब गोठले की बर्फावर घामोळ्यासारखे बारीक उंचवटे येतात. दगड त्या उंचवट्यांवरून सरकतो. नुसत्या गुळगुळीत बर्फावर तो तितका लांब जाणारच नाही. थेंब कमी-जास्त पडले, पातळी जराशी कलली, गारवा थोडा हलला, की दगडाची चाल बदलली. म्हणजे ज्याच्या हातात बर्फ, त्याच्या हातात सामना. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही जास्त.

आणि तरीही तिथे ‘घरचा बर्फ’ आपल्या सोयीनं करण्याची पद्धत नाही. मोठ्या स्पर्धांना बर्फ करणारा मुख्य माणूस जागतिक संघटनाच नेमते. पहिल्या डावात शेवटचा दगड कुणाचा, कारण शेवटचा दगड म्हणजे मोठा फायदा, हेही घरचा-बाहेरचा बघून ठरत नाही. सामन्याआधी दोन्ही संघ मध्यावर दगड टाकून बघतात. ज्याचा जास्त जवळ, त्याला तो हक्क.

म्हणजे यजमानानं पाहुण्याला काय द्यायचं याचं एक उत्तर या खेळानं देऊन ठेवलंय. विजय द्यायचा नाही, सवलतही द्यायची नाही. एका पातळीतला बर्फ द्यायचा. तो दिला की मग मोकळ्या मनानं खेळावं. मला हे उत्तर फार आवडलं, कारण आपल्याकडे दोन्ही टोकं असतात. एक तर पाहुण्याला मुद्दाम जिंकू देणं, पत्त्यांत भाच्याला जिंकू देतात तसं; किंवा मग अंगण आपलं, दिवे आपले, पंचही आपले. पाहुण्याला मुद्दाम जिंकू देण्यातही त्याचा अपमानच असतो. तो एवढ्या लांबून आला, तो काय लाडू घ्यायला?

श्रावकाच्या व्रतांमध्ये शेवटचं व्रत अतिथिसंविभाग. लहानपणी पाठशाळेत आम्ही ते घोकलं, पण अर्थ कळला नव्हता. ‘दान’ हा सोपा शब्द सोडून ‘संविभाग’ का म्हटलं असेल? मला आता वाटतं, दान वरून खाली जातं. संविभाग म्हणजे आपल्यातलं नीट विभागून देणं. जे आपल्या ताटात, तेच त्याच्या ताटात. त्याच्यासाठी वेगळं ताट नाही, चांगलंही नाही नि वाईटही नाही. बर्फाची पट्टी अशी विभागता येते.

भाचीनं सांगितलेल्या आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सरकणाऱ्या दगडाला धावता धावता कुणाचा ब्रश किंवा पाय लागला, तर ज्याचा लागला त्यानं स्वतः सांगायचं. पंच ते बघायला डोळ्यांत तेल घालून उभा नसतो. आणि आपल्याच दगडाला घराजवळ असा स्पर्श झाला, तर पुढे काय करायचं हे समोरच्या संघानं ठरवायचं. दगड काढून टाकायचा, की आहे तिथे राहू द्यायचा, हे त्यांच्या हातात. डावाचे गुणही दोन्ही संघांचे उपकर्णधार घरात उभे राहून आपसांत ठरवतात. ठरलं नाही तर मोजायला पंच. सामना संपल्यावर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना प्यायला काहीतरी द्यायचं आणि सगळ्यांनी एकत्र बसायचं अशी क्लबांमधली जुनी रीत. आमची भाची पडली आमच्या घरातली. ती लिंबू सरबत घेऊन बसते. कुणाला त्याचं काही वाटत नाही, म्हणते.

हे सगळं मोठ्यांचं. मुलांच्या बाबतीत प्रश्न जास्त नाजूक होतो. एकवीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये कॅनडात सुरू झाली. मुलींची सुरू व्हायला १९८८ उजाडलं. तेरा वर्षं मुली बहुतेक घरात झाडूच मारत असतील. पुढे दोन्ही स्पर्धा एकत्र व्हायला लागल्या. २०१९ मध्ये ही स्पर्धा नोव्हा स्कोशियातल्या लिव्हरपूल नावाच्या गावात झाली. इंग्लंडचं लिव्हरपूल नव्हे. हे कॅनडाच्या समुद्रकाठचं, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. आमच्या भागातलं मध्यम खेडंसुद्धा त्याहून मोठं असतं. आणि तिथे मुलांचे दहा नि मुलींचे दहा संघ. प्रत्येक संघात चार खेळाडू, एक राखीव, वर मार्गदर्शक, आईवडील. एवढ्याशा गावात एवढे पाहुणे म्हटल्यावर मला आमच्याकडच्या पंचकल्याणक पूजेचे दिवस आठवले. तेव्हा गावात एकही घर पाहुण्यांशिवाय नसतं आणि कुणाच्या चुलीवर कुणाचं पातेलं आहे ते कळेनासं होतं.

त्या गावाची एक गोष्ट मला विशेष वाटते. तिथल्या किनाऱ्यावर मुळात मिकमॅक लोक राहत. १७५९ मध्ये न्यू इंग्लंडकडून आलेल्या वसाहतवाल्यांनी हे गाव वसवलं आणि त्याला विलायतेतलं नाव दिलं. म्हणजे आजचे यजमान हे कधीकाळचे न बोलावलेले पाहुणे. जिथे पिढ्यानपिढ्या राहिलो तिथेही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हे ज्यांना ऐकावं लागतं, त्या आमच्यासारख्या सीमाभागातल्या माणसांना हा मुद्दा पटकन कळतो. यजमानपण हे काही सात-बाराच्या उताऱ्यावर लिहिलेलं नसतं. जो दार उघडतो आणि आलेल्याला ताट वाढतो, तो त्या वेळेपुरता यजमान.

भाची एक दिवस सामने बघायला गेली होती. हॅलिफॅक्सपासून दीडेकशे किलोमीटर. तिला नवल वाटलं ते टाळ्यांचं. समोरच्या संघाचा दगड चांगला बसला की गावकरी त्यालाही टाळ्या वाजवत होते. मी विचारलं, “मग तुमचं कोण जिंकलं?” ‘तुमचं’ म्हणजे कॅनडाचं. ती म्हणाली, मुलं जिंकली. मुलींचं सुवर्णपदक रशियाच्या मुलींनी नेलं, अंतिम सामन्यात कॅनडाच्याच मुलींना हरवून.

पुढच्या वर्षी, २०२० च्या फेब्रुवारीत, यजमानपद रशियाकडे होतं. सैबेरियातलं क्रास्नोयार्स्क. तिथे मुलींचं सुवर्ण कॅनडाच्या मुलींनी नेलं आणि मुलांचंही कॅनडानंच. पाहुणीनं यजमानाला त्याच्या घरी हरवलं आणि पुढच्या वर्षी दुसरीनं त्याची परतफेड केली. अशा परतफेडीला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, येणंजाणं. येणंजाणं असलेल्या घरांत कधी कुणाचं वरचढ होतं, कधी कुणाचं. त्यानं नातं तुटत नाही.

तुटलं ते वेगळ्याच कारणानं. २०२१ ची स्पर्धा करोनानं गेली. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्ये जागतिक कर्लिंग संघटनेनं रशियाचे संघ स्पर्धांतून काढले. त्यात मुलामुलींचे संघही आले. त्या वर्षी मुलांची जागतिक स्पर्धा स्वीडनमधल्या यॉन्शॉपिंगला झाली. ज्या देशानं दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना घरी बोलावून जेवू घातलं, त्या देशाच्या मुलांना दार बंद.

आता इथे माझा खरा प्रश्न सुरू होतो. बर्फ एका पातळीत ठेवला म्हणजे यजमानाचं काम संपलं, असं मी वर म्हटलं. पण बर्फापर्यंत येऊच दिलं नाही त्याचं काय? सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं रणगाडे पाठवले नव्हते. तिला कुणी विचारलंही नव्हतं. तिनं आठव्या-नवव्या वर्षी ब्रश हातात घेतला असेल आणि एकविसावं वर्ष लागलं की ही दारं तिला कायमची बंद. मोठ्या खेळाडूला पुढच्या वर्षाची आशा असते. मुलांच्या स्पर्धेचं वय मात्र परत येत नाही.

दुसरी बाजू मी विसरलेले नाही. ज्या गावावर बाँब पडतायत, तिथल्या मुलीला समोरून तो झेंडा छातीवर लावून आलेल्या मुलीशी हस्तांदोलन करायला लावायचं? सामन्याआधी हात मिळवणं हा तर या खेळाचा पहिला नियम. कुठलाही यजमान एका पाहुण्याचा घाव झाकून दुसऱ्या पाहुण्याला पंगतीला बसवू शकत नाही. आणि झेंडा, राष्ट्रगीत, पदकतालिका ही मुलाची नसतात. ती राज्यकर्त्यांच्या कामी येतात. त्यांना मान देणं थांबवायचं असेल तर थांबवावं, हे मला मान्य आहे. म्हणून ज्यांनी दार बंद केलं त्यांना मी निर्दयी म्हणणार नाही. पण त्यांनी सोपी वाट धरली, असं मला वाटतं. देशाला नाही म्हणायचं होतं, ते मुलीला नाही म्हणून मोकळे झाले.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. २०२२ च्याच डिसेंबरात आमच्याकडे सीमाप्रश्न पेटला. दगडफेक झाली, गाड्यांच्या पाट्यांना काळं फासलं गेलं आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस बंद पडल्या. नेमकी त्याच आठवड्यात आमच्या महिला मंडळानं शाळकरी मुलींची खो-खो स्पर्धा ठेवलेली. आठ संघ. इकडचे कानडी आणि मराठी शाळांचे सहा, पलीकडून एक चंदगडकडचा आणि एक गडहिंग्लजकडचा. मांडवाचे पैसे दिलेले, स्वयंपाकाला आचारी सांगितलेला. सकाळी नऊला पहिला सामना चंदगडच्या मुलींचा, आणि नऊला त्यांचा पत्ता नाही. फोन केला तर बाई म्हणाल्या, निघालोय, पण गाडी मिळेना.

नियम होता, पंधरा मिनिटं थांबायचं, नाही आले तर समोरच्या संघाला पुढे चाल. सव्वानऊ झाले. पंच घड्याळ दाखवायला लागले. आमच्यातच दोन तट. एक म्हणाली, नियम म्हणजे नियम, आज यांच्यासाठी मोडला तर उद्या कुणासाठीही मोडावा लागेल. दुसरी म्हणाली, “अहो, पोरी वाटेत आहेत की. घाई काय करूलात?” वाद वाढत चालला. तेवढ्यात समोरच्या संघाची, एका कानडी शाळेची, कर्णधार मुलगी टेबलापाशी आली. दोन वेण्या, गुडघ्याला पट्टी. मोडक्या मराठीत म्हणाली, “आम्ही खेळायला आलाव. पुढे चाल नको.” आणि परत जाऊन आपल्या मुलींना पळवायला लागली, अंग थंड पडू नये म्हणून.

पावणेअकराला चंदगडच्या मुली आल्या. शिनोळीपर्यंत वडापनं, तिथून हद्द ओलांडून चालत, मग ज्याला त्याला हात करून कुणी दुचाकीवर, कुणी भाजीच्या टेंपोतून. आल्या आल्या पाणी प्यायल्या आणि खेळल्या. आणि जिंकल्या! थांबलेल्या मुली हरल्या. त्यांच्या शाळेच्या सरांचा चेहरा जरा उतरला होता. मुलींचा नाही. दुपारी त्याच मुली चंदगडकरणींच्या शेजारी पंगतीला होत्या आणि एकमेकींच्या भाषेतले वाईट शब्द शिकून घेत होत्या, हे मी वाढताना ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

तो नियम मोडला का, यावर आमच्या मंडळात अजून एकमत नाही. पण मला पुढे भाचीनं जेव्हा स्पर्श झालेल्या दगडाची गोष्ट सांगितली, तेव्हा ती दोन वेण्यांची मुलगी आठवली. नियमानं दिलेला फायदा घ्यायचा की सोडायचा, हे समोरच्याच्या हातात ठेवलेलं असतं ते कशासाठी? यजमान म्हणून आम्ही टेबलामागे बसून तो निर्णय घेऊ शकलो नसतो. आम्ही वेळ वाढवली असती तर तो पक्षपात झाला असता. तिनं वाढवली, तो खेळ झाला.

गडहिंग्लजच्या मुली मात्र आल्याच नाहीत. त्यांच्या पालकांनी पाठवलं नाही, आणि त्या दिवसांत मीही माझ्या मुलीला पाठवलं असतं की नाही, सांगता येत नाही. पंधरा जणींच्या वाटणीचं जेवण उरलं. भात, आमटी, बटाट्याची भाजी नको म्हणून मुद्दाम केलेली दोडक्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू. भात-भाजी लगेच वाटून टाकली. लाडू टिकणारे. ते आमच्या खजिनदार बाईंनी एका डब्यात भरले, डब्यावर संघाचं नाव लिहिलं आणि बसगाड्या सुरू झाल्यावर ओळखीच्या वाहकाबरोबर पाठवून दिले. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही कुणी त्यावर बोललोही नाही. हिशेबात मात्र तिनं ते ‘स्पर्धा खर्च’ याच सदरात लावले. वार्षिक सभेत एकीनं विचारलं, तर म्हणाली, त्यांच्या नावानं केले होते, मग दुसऱ्या कुठल्या सदरात लावू?

मी म्हणते सोपी वाट, ती याच्या तुलनेत. जो येऊ शकला नाही, त्याचा वाटा काढून ठेवायची काही रीत असू शकते का? आणि गंमत म्हणजे कर्लिंगच्याच बाबतीत अशी एक रीत सापडली होती.

किशोरांचं हिवाळी ऑलिंपिक २०१२ मध्ये ऑस्ट्रियात इन्सब्रुकला पहिल्यांदा झालं. तिथे एक मुलगा आणि एक मुलगी अशा जोडीचे सामने होते. या जोड्या एका देशाच्या नव्हत्या. मुलगा एका देशाचा, मुलगी दुसऱ्या. २०१६ मध्ये नॉर्वेनं लिलेहॅमरला भरवलं, तिथेही तसंच. जपानची मुलगी आणि स्वित्झर्लंडचा मुलगा ही जोडी जिंकली. २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शाँपेरी गावात हंगेरीची मुलगी आणि कॅनडाचा मुलगा. पदकतालिकेत हे पदक कुठल्याच देशाच्या नावावर नाही, ‘मिश्र’ म्हणून वेगळं लिहिलेलं. हंगेरी हा काही कर्लिंगमधला बडा देश नाही. त्या मुलीला आपल्या देशात तोडीस तोड जोडीदार शोधावा लागला नाही, तो तिला कॅनडाचा मिळाला. दोघांची भाषा वेगळी, शिकवणारे वेगळे, दगड सोडण्याची ढब वेगळी. मधे बर्फ आणि एक घर.

या पद्धतीत यजमान कोण नि पाहुणा कोण, हे सांगता येत नाही, कारण यजमान देशाचा मुलगासुद्धा कुठल्यातरी पाहुणीच्या जोडीनं दुसऱ्या पाहुण्यांविरुद्ध उभा असतो. गावानं टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? ‘आपलं कोण जिंकलं’ हा माझा प्रश्न तिथे विचारताच आला नसता. झेंडा बाजूला ठेवून मुलांना खेळवता येतं, हे तीन वेळा करून दाखवलेलं होतं. २०२२ मध्ये, जेव्हा त्याची खरी गरज पडली, तेव्हा ते कुणाच्या हाताशी आलं नाही. युक्रेनच्या मुलीला नको असेल तर तिनं नको म्हणावं, तो अधिकार तिचा, त्या कानडी मुलीसारखाच. पण तो तिला विचारला तर गेला असता.

माझ्या एका मैत्रिणीला हे सगळं भाबडं वाटतं. ती म्हणते, अशा मिश्र जोड्यांत मुलांना जिंकण्याची ईर्षा राहणार नाही. देशासाठी खेळताना जे रक्त उसळतं ते इथे कसं उसळेल? मी तिला म्हटलं, तू आणि मी हळदीकुंकवाच्या उखाण्यांच्या स्पर्धेत काय कुठल्या देशासाठी लढलो होतो? तेव्हा तर तू वर्षभर माझ्याशी बोलली नव्हतीस! ईर्षेला देश लागतोच असं नाही. तिला समोर कुणीतरी तोलामोलाचं लागतं. तरी तिच्या म्हणण्यात तथ्य असावं, कारण २०२४ मध्ये दक्षिण कोरियात गंगवोनला हेच किशोर ऑलिंपिक झालं, तेव्हा जोड्या पुन्हा एकेका देशाच्या करण्यात आल्या. का, ते भाचीलाही सांगता आलं नाही. ती म्हणाली, “मावशी, तू एवढी का हळहळतेस? तुला तो खेळ नीट कळतही नाही.” खरं आहे ते. दगड किती वळेल, कधी घासायचं, कधी थांबायचं, यातलं मला काही कळत नाही.

तिच्या क्लबात येत्या हिवाळ्यात शेजारच्या प्रांतातल्या मुलांची छोटी स्पर्धा आहे. मुलं क्लबाच्या सभासदांच्या घरी उतरणार आहेत. तिच्या वाट्याला दोन मुली आल्यात. परवा फोनवर विचारत होती, सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांना न्याहारीला काय करू, पोहे चालतील का? सामना तिच्याच क्लबाच्या मुलींशी आहे. मी म्हटलं, चालतील, पण मिरची बेतानं घाल. आणि तुमच्या मुलींना बोलवून त्यांनाही तेच खायला घाल.